बर्वे मास्तरांचा क्लास आणि गवयाचा सिनेमा

किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. पंधरावीस नोकरदार माणसं रोज संध्याकाळी एका खोलीत बसवायची, त्यांना परीक्षेची भीती घालायची आणि वर पंखा द्यायचा नाही. एवढं केलं की किस्से आपोआप होतात! आमच्या मराठीच्या क्लासचं तसंच झालं. त्यातले बरेच जण आता राहिले नाहीत. जे आहेत ते परभणीच्या बाजारात भेटले, की तब्येतीची चौकशी नंतर. आधी कुठला तरी जुना किस्सा निघतो, भाजीची पिशवी खाली ठेवली जाते आणि येणारी-जाणारी माणसं बघत राहतात, की हे म्हातारे एवढे कशाला हसायलेत.

क्लास कशाचा, ते आधी सांगतो. माझं गाव पेडगाव. घरात मराठी, शेतात मराठी, भांडण तर शंभर टक्के मराठीत. पण शाळेची पाटी उर्दू आणि पुढं नोकरी लागली तेव्हा कचेरीचा कागदही उर्दू. निजामाचं राज्य गेलं, हैदराबाद भारतात आलं, नंतर आम्ही मुंबई राज्यात गेलो आणि एक दिवस ऑर्डर आली, की यापुढं सगळं कामकाज मराठीत. लिहिण्या-बोलण्याची परीक्षा पास व्हा, नाहीतर नोकरी कायम होणार नाही. म्हणजे ज्या भाषेत आम्ही जन्मभर भाकरी मागितली, त्याच भाषेत नापास व्हायची वेळ आली!

शिकवायला पुण्याकडून बर्वे मास्तर आले. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, हातात छत्री. परभणीच्या एप्रिलमध्येही कोटाचं वरचं बटण ते काढायचे नाहीत. विषयाचं नाव होतं 'व्यावहारिक मराठी आणि संभाषण'. अर्ज कसा लिहायचा, टिपण कसं ठेवायचं, टेलिफोनवर कसं बोलायचं, लोकांसमोर उभं राहून आपलं म्हणणं कसं मांडायचं, असं सगळं त्यात होतं. कचेरीचं काम सुटलं की आम्ही शाळेच्या एका वर्गात, पोरांच्या बाकांवर गुडघे दुमडून बसायचो.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी रजेचा अर्ज लिहायला सांगितला. मी मन लावून लिहिला. मास्तरांनी माझी वही उघडली, एक पान उलटलं, दुसरं उलटलं, आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"अहो, वही तर कोरी आहे!"

"न्हाई सर, मागून उघडा. तिकडून सुरू केलीय."

उर्दूची सवय! उजवीकडून डावीकडं. अक्षरं मराठी झाली होती, पण वही अजून निजामाच्याच राज्यात होती.

*

क्लासमध्ये सगळ्यात मोठा आवाज सखारामचा. हा पोखर्णीचा. घरी पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. शिकून शेती खात्यात कारकून झालेला तो घरातला पहिलाच. एका शेतातून दुसऱ्या शेतातल्या भावाला हाका मारून मारून त्याचा गळा असा तयार झाला होता, की तो 'हजर' म्हणाला तरी शेजारच्या वर्गातली कबुतरं उडायची.

एकदा मास्तर फळ्यावर कचेरीतले नेहमीचे मराठी शब्द लिहीत होते. अर्ज, रजा, मंजूर, हुकूम, तारीख, नक्कल, जबाब, शिल्लक. आम्ही निमूटपणे उतरवून घेत होतो. सखारामनं हात वर केला.

"सर, हे समदे मराठी शब्द हायत का?"

"अर्थातच! शुद्ध व्यवहारातले शब्द आहेत."

"मंग आमी इतके दिवस कचेरीत मराठीच बोलायलोत की! परीक्षा कामून?"

मास्तरांनी फळ्याकडं बघितलं. शब्दांवरून एकदा वरून खाली नजर फिरवली. मग खडू ठेवला आणि म्हणाले, "आजचा तास इथंच संपला."

दुसऱ्या दिवशी मात्र ते पूर्ण तयारीनं आले आणि मराठीत फारसी-अरबी शब्द कसे आले, यावर तासभर बोलले. सखाराम त्या दिवशी रजेवर होता.

*

क्लासमध्ये बाई एकच. कमलबाई. वालूरकडच्या गावांमधून फिरणारी ग्रामसेविका. पाणी उकळा, पोरांना देवी काढून घ्या, शेण उघड्यावर टाकू नका, हे बायकांना सांगायचं तिचं काम. लोकांसमोर बोलायची ती पार घाबरायची, म्हणून मास्तरांनी तिला एक छान भाषण लिहून दिलं. त्यात 'डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू' असं एक वाक्य होतं. आठवडाभर ती ते पाठ करत होती.

एका गावात पारावर बायका जमल्या. कमलबाईनं सगळं न अडखळता म्हटलं. पाण्यात डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जंतू असतात, पाणी उकळलं की ते मरतात. बायकांनी शांतपणे ऐकून घेतलं. कडेला एक म्हातारी शेळीचं दावं हाताला गुंडाळून बसली होती. ती म्हणाली,

"बाई, जंतू दिसत न्हाईत म्हन्तीस. मंग ते मेले, हे तुला कसं दिसलं?"

कमलबाईनं क्लासमध्ये येऊन हे सांगितलं, तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. ती हसली नाही. "सर, मला भाषण नका देऊ," ती म्हणाली, "मला उत्तर द्यायला शिकवा."

त्या दिवसापासून मास्तरांनी लिहून दिलेली भाषणं बंद केली. एक जण बोलायचा आणि बाकीच्यांनी त्याला आडवेतिडवे प्रश्न विचारायचे, अशी पद्धत सुरू झाली. महिन्याभरानं कमलबाई त्याच पारावर गेली. तिनं दुकानदाराचं भिंग मागून आणलं होतं. दोन दिवस ठेवलेल्या पाण्यातला वळवळणारा किडा तिनं त्या म्हातारीला दाखवला. म्हातारी बराच वेळ भिंगातून बघत बसली आणि मग म्हणाली, "आगं, ह्यो तर लय वर्सं आमच्या घरी जेवायलाय!"

पाणी मात्र ती त्या दिवसापासून उकळायला लागली.

*

आता वालूरचं ऐका.

मास्तरांनी टेलिफोनचा धडा घेतला. टेलिफोन नव्हताच, म्हणून दोन फूटपट्ट्या कानाला लावून आम्ही सराव केला. मास्तरांनी सखारामला बजावलं, "हळू बोलणं ही सभ्यता आहे. तार आवाज नेते, तुम्हाला न्यायचा नाही." सखारामनं ते फार मनावर घेतलं.

लगेच पुढच्या आठवड्यात त्याच्यावर खऱ्या टेलिफोनची वेळ आली. एक मोठे साहेब वालूरला जाणार होते, तो दौरा रद्द झाला. निरोप द्यायचा होता, 'साहेब उद्या वालूरला येणार नाहीत.' सखारामनं टेलिफोन उचलला, छातीवर हात ठेवला आणि लग्नातल्या नवरीसारखा बोलला. पलीकडच्याला 'साहेब उद्या वालूरला येणार' इथपर्यंत कसंबसं ऐकू आलं. पुढचं 'नाहीत' तारेतच राहिलं.

वालूरकरांनी वेशीवर पानांची कमान केली. लेझीम काढली. सरपंचांनी नवा फेटा बांधला. सकाळच्या मोटारीतून काळी टोपी, बंद गळ्याचा कोट आणि छत्री उतरली. बर्वे मास्तर! ते कमलबाईच्या बायकांची सभा बघायला म्हणून सुट्टीच्या दिवशी आपल्या आपण आले होते. त्यांनी मोटारीच्या पायरीवरून खाली पाय ठेवला आणि लेझीम सुरू झाली. गळ्यात हार पडला. दुसरा पडला. टोपी तिरकी झाली.

मास्तर जीव तोडून सांगायला लागले, "अहो, आपला काहीतरी गैरसमज होतो आहे. मी साहेब नाही! मी एक साधा शिक्षक आहे!"

सरपंच गर्दीकडं वळले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "बघा! येवढा मोठा मानूस, अन् बोलनं कसं हाय बघा! म्हने मी साहेब न्हाई!"

लेझीम आणखी जोरात सुरू झाली.

जेवणं झाल्यावर कमलबाईनं कसंबसं सगळं समजावलं. सरपंचांचा चेहरा उतरला. मास्तरांनाही वाईट वाटलं. मग त्यांनीच विचारलं, "साहेबांना तुम्ही काय सांगणार होता?" गावाला दवाखान्यासाठी डॉक्टर पाहिजे होता. मास्तर तिथंच कमानीखाली बसले आणि गावकऱ्यांना त्यांच्याच शब्दांत अर्ज लिहायला लावला. स्वतः एक अक्षर सांगितलं नाही. पुढं ते तो अर्ज घेऊन खऱ्या साहेबांच्या व्हरांड्यात दोनतीनदा जाऊन बसले. डॉक्टर यायला वेळ लागला, पण आला.

सखाराम मास्तरांचे पाय धरायला गेला. मास्तर म्हणाले, "राहू द्या हो. आयुष्यात दोनदाच हार पडले. एक लग्नात आणि एक तुमच्यामुळे."

*

परीक्षेत एक प्रश्न असा असायचा, की पाहिलेल्या एखाद्या गोष्टीवर अभिप्राय द्या. त्याच सुमाराला परभणीत पत्र्याच्या थेटरात एक सिनेमा लागला. जुन्या काळच्या एका नाटकातल्या गवयाचं चरित्र. मास्तर म्हणाले, "सगळ्यांनी पाहा. आणि लक्षात ठेवा, कथा सांगायची नाही. अभिप्राय सांगायचा. काय चांगलं, काय कमी, आणि का."

रविवारी दुपारच्या खेळाला आम्ही सगळे गेलो. वर पत्रा तापलेला, खाली बाकडी. मास्तर कोटासकट पहिल्या रांगेत.

गोष्ट साधी होती. खेड्यातला गरीब मुलगा नाटक कंपनीत जातो, गाऊन गाऊन मोठा होतो, राजेमहाराजे त्याला शालजोड्या देतात. मग एका गावी भर नाटकात त्याचा आवाज जातो. प्रेक्षक चिडतात, जोडे फेकतात. तो घरी येऊन बसतो. बायको त्याची सेवा करते. शेवटी देवळात त्याला आवाज परत मिळतो आणि त्याची मिरवणूक निघते.

गंमत अशी, की ज्या गावी आवाज जातो त्या गावाची पाटी पडद्यावर आली, 'परभणी'! सगळं थेटर उठून ओरडलं. शिट्ट्या वाजल्या. आपलं गाव सिनेमात! पण पाटी गेली आणि मागं दिसायला लागला उंच निळा डोंगर, त्यावरून पडणारा धबधबा, आणि धबधब्यापाशी नाटकाचा तंबू.

थेटर एकदम गप्प झालं. त्या शांततेत सखारामचा आवाज आला, आणि तो काही टेलिफोनचा आवाज नव्हता.

"पोखर्णीपासून इथवर मेंढरं चारली. ह्यो डोंगर कदी आडवा आला न्हाई!"

पुढं जोडे फेकण्याचा प्रसंग आला तो कुणाला ऐकूच गेला नाही. अख्खं थेटर डोंगरावर भांडत होतं.

*

दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये अभिप्राय.

सखाराम उभा राहिला आणि त्यानं गोष्ट सांगायला सुरुवात केली. गवयाच्या जन्मापासून. मास्तरांनी दोनदा थांबवलं. "कथा नको, अभिप्राय!" सखाराम "व्हय सर" म्हणायचा आणि पुढचा प्रसंग सांगायचा. शेवटी मास्तर कळवळून म्हणाले, "अहो सखारामपंत, तुम्हाला त्यात आवडलं काय, ते एका वाक्यात सांगा!"

सखारामनं बराच विचार केला.

"मिरवनुकीतला घोडा बेस होता."

मग कमलबाई. आता तिची भीती गेली होती. ती म्हणाली, "गाणी चांगली आहेत. पण त्या गवयाची बायको सारखी दारच उघडायलीय. तो आला की दार उघडते, वैद्य आला की दार उघडते, कंपनीचा मालक आला की दार उघडते. सगळ्या सिनेमात तिला एकदा तरी खाली बसवायचं व्हतं."

मास्तरांनी काहीच दुरुस्त केलं नाही. नुसते म्हणाले, "हे लिहून द्या मला. मी पुण्याला माझ्या बायकोला पाठवतो."

माझी पाळी आली. मी लेखी आणलं होतं. टिपण कसं ठेवायचं, हे दोन महिने घोकून घोकून माझ्या हाताला दुसरं वळणच राहिलं नव्हतं. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं:

"सदरहू चित्रपट समक्ष पाहिला. गायनाबाबत तक्रार आढळून आली नाही. डोंगराबाबत खुलासा मागवणे योग्य होईल. चित्रपट पुढे चालू ठेवण्यास हरकत दिसत नाही. आदेशार्थ सादर."

मास्तरांनी कोटाचं वरचं बटण काढलं. आयुष्यात पहिल्यांदा! आणि टेबलावर डोकं ठेवून हसले.

*

गावात त्या सिनेमानं वेगळाच घोळ घातला. पहिले दोनतीन दिवस सगळे संतापलेले. परभणीची माणसं कलाकाराला जोडे मारतात, असं दाखवलं म्हणजे काय! चौकात एका वकिलानं भाषण केलं. निषेधाचं पत्र लिहायचं ठरलं आणि मजकूर तयार करायचं काम मास्तरांनी आम्हाला सराव म्हणून दिलं. आम्ही चांगलं कडक पत्र लिहिलं. 'परभणीच्या रसिकांनी असे कृत्य कधीही केलेले नाही', असं ठणकावून.

सह्या घ्यायला मी आणि सखाराम एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या दुकानी गेलो. त्यानं पत्र वाचून घेतलं आणि परत केलं.

"मी सही करनार न्हाई."

"का हो काका?"

"जोडा फेकलाच न्हाई, असं कसं लिव्हता? पयला जोडा माझ्या चुलत्याचा व्हता!"

समोरच्या दुकानातून दुसरा म्हातारा तावातावानं उठून आला. "तुझ्या चुलत्याचा कसा? आमच्या आबाचा व्हता! एक पायी घरी आला व्हता आबा!"

संध्याकाळपर्यंत पहिल्या जोड्याचे पाच वारस झाले. पत्र आम्ही पाठवलंच नाही. तो गवई खरोखर कधी परभणीला आला होता का, हे मात्र आजपर्यंत कुणाला माहीत नाही.

*

शेवटी रंगनाथरावांचं सांगतो.

रंगनाथराव आमच्यात सगळ्यात वयस्क. निजामाच्या राज्यात ते तहसीलदारांचे पेशकार होते, म्हणजे साहेबांच्या शेजारी बसून कागद वाचून दाखवणारे. त्यांची उर्दू अशी, की दुसऱ्यानं लिहिलेला मसुदा साहेब न वाचताच त्यांच्याकडं ढकलायचे. पक्षकार निकाल विरुद्ध गेला तरी म्हणायचे, "हरलो, पन रंगनाथरावांनी वाचला झकास!" लग्नात, मुशायऱ्यात, मयताला, कुठंही चार शब्द बोलायचे असले की लोक यांच्याकडं बघायचे.

राज्य बदललं आणि यांची खुर्ची आवक-जावकच्या टेबलाशी गेली. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, जाणाऱ्या कागदाला डिंक लावायचा. मराठी त्यांची घरचीच भाषा. पण घरातली मराठी कचेरीत बोलायची त्यांना लाज वाटायची आणि मास्तरांसारखी मराठी येत नव्हती. ज्याला सुरेख बोलायची सवय होती, त्यानं मग बोलणंच सोडलं. क्लासमध्ये मागच्या बाकावर बसायचे. मास्तरांनी काही विचारलं की उभे राहून "जी" म्हणायचे आणि खाली बसायचे. लेखी पेपर उत्तम. तोंडी परीक्षेत एकदा नापास झालेले. आता दुसऱ्यांदा बसत होते, आणि या वेळी नापास झाले असते तर नोकरीच जाणार होती. घरी दोन मुलींची लग्नं व्हायची होती.

मास्तरांनी मला आणि सखारामला सांगितलं, "त्यांच्या घरी जा. सराव घ्या. माझ्यासमोर ते बोलायचे नाहीत."

रविवारी सकाळी आम्ही गेलो. रंगनाथराव घरात तरी मोकळे बोलतील, असं वाटलं होतं. काकूंनी चहा दिला आणि माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "घरात बी आसंच हाय. जेवायला वाढू का, इचारलं तरी मान हलवतेत."

सखाराम परीक्षक झाला. खुर्चीवर बसला, पाय जुळवले आणि म्हणाला, "हां, बोला. सिनेमा कसा वाटला?"

रंगनाथराव चटकन उभे राहिले. टोपी सारखी केली. तोंड उघडलं. शब्द काही आला नाही.

सखाराम घाबरला. "काका, आवो मी सख्या हाय! पोखर्णीचा!"

"ते ठावं हाय मला," रंगनाथराव म्हणाले. "पन खुर्ची परीक्षकाची हाय."

त्या सकाळी ते एवढंच बोलले.

परीक्षा झाली. रंगनाथराव पास झाले, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ऐकताना तुमचा जीव वरखाली व्हायला नको. नोकरी कायम झाली, मुलींची लग्नं झाली, सगळं यथास्थित झालं. पण तोंडी परीक्षेत काय झालं, ते आमच्यापैकी ज्यांनी ऐकलं ते कुणी विसरलेलं नाही.

परीक्षक औरंगाबादहून आले होते. भारदस्त गृहस्थ, आवाजही तसाच. उकाड्यामुळं खोलीचं दार उघडंच होतं आणि आम्ही बाहेर व्हरांड्यात आपापली पाळी येण्याची वाट बघत उभे होतो. मास्तर खांबाला टेकून छत्रीची मूठ फिरवत होते.

रंगनाथराव आत गेले. परीक्षकांनी बसायला सांगितलं. ते उभेच राहिले.

"अलीकडे काही पाहिलंत? नाटक, सिनेमा?"

बराच वेळ काही नाही. कमलबाईनं डोळे मिटून घेतले.

"जी. गवयाचा सिनेमा बघितला."

"अभिप्राय सांगा."

परीक्षकांनी पेन उचलल्याचं आम्हाला दिसलं. मग रंगनाथराव बोलायला लागले. मास्तरांच्या मराठीत नाही, त्यांच्या घरच्याच मराठीत. पण सावकाश, एकेक शब्द वजन करून, जसे पूर्वी साहेबांच्या शेजारी बसून कागद वाचायचे तसे.

"सिनेमा चांगला हाय, साहेब. गानी चांगली हायत. पन एक गोष्ट ऱ्हाऊन गेली. त्या मानसाचा आवाज गेल्यावरची वर्सं दाखवलीच न्हाईत. पडद्यावर झाडाची पानं गळाली, परत पालवी फुटली, अन् आवाज आला. तसं नसतं. तो सकाळी उठून करायचा काय? रस्त्यात वळखीचं कुनी भेटलं, तर कुटं बघायचा? पोरी बापाला काय इचारत व्हत्या? लोकं पयल्यासारखी घरी येत व्हती का, का येनं बंद झालं? आमाला तेच बघायचं व्हतं."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं होतं. ते आवाज खाली आणून म्हणाले,

"पण शेवटी त्याचा आवाज परत येतो ना?"

रंगनाथरावांनी टोपी सारखी केली.

"त्याचा आला, साहेब," ते म्हणाले. "आमचा यायलाय."